स्टिरिओ जोडीत हम येतोय आणि मधला आवाज पातळ: केबलचं शिल्ड नेमकं कुठे जोडायचं?

सूरशोधक

नमस्कार मंडळी. एका मोठ्या खोलीत पियानोचं स्टिरिओ रेकॉर्डिंग करतोय आणि वायरिंगपाशी अडकलोय.

दोन सारखे कंडेन्सर माइक आहेत. मांडणी ओआरटीएफ, म्हणजे कॅप्सूलमधलं अंतर १७ सेंमी आणि कोन ११० अंश. दोन्ही माइक एकाच स्टँडवर, धातूच्या स्टिरिओ बारवर, क्लिपही धातूचेच. डाव्या माइकची केबल ६ मीटरची, ती सरळ इंटरफेसकडे येते. उजवीकडची १५ मीटरची (१० अधिक ५ चा तुकडा), कारण चालायची वाट मोकळी ठेवायला ती पलीकडच्या भिंतीकडून फिरवून आणली आहे. १० आणि ५ चा जोड भिंतीलगतच्या लोखंडी पाइपाला टेकलेला असतो. इंटरफेस दोन चॅनलचा, यूएसबीने लॅपटॉपला. ५ मीटरचा तुकडा आधीपासूनचा आहे, बाकीच्या केबल मी सोल्डर केल्या. सगळ्या कनेक्टरांत (तीन पिनांचे एक्सएलआर) पिन १ आणि धातूचं कवच यांच्यात छोटी तार टाकली आहे, कारण कवचाला ग्राउंड मिळालेलं चांगलं असं वाचलं होतं.

दोन्ही चॅनलवर हम, म्हणजे विजेची घुमणारी घरघर, आहे, उजवीकडे जास्त. ग्राफवर ५०, १०० आणि १५० हर्ट्झला उभे सुळके दिसतात. हा पहिला त्रास. दुसरा वेगळाच आहे: हेडफोनवर आवाज दोन्ही कानांकडे पसरतो, मध्ये काहीच राहत नाही, आणि मोनो केलं की खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात.

हमवर उपाय म्हणून एकाने सांगितलं की शिल्ड (आतल्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) एका टोकाला कापून टाक. उजव्या केबलचं इंटरफेसच्या बाजूचं शिल्ड कापलं. हम वाढला. आणि कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे माइक बारवर असताना चालतो, बारवरून काढून हातात धरला की बंद पडतो. असं का?

शिवाय ६ मीटर आणि १५ मीटर या फरकामुळे एक चॅनल उशिरा पोहोचतो का?

---

केबलकार

सगळ्यात आधी ते कापलेलं शिल्ड परत जोडा. माइकच्या केबलमध्ये शिल्ड दोन्ही टोकांना पिन १ वर असायलाच हवं. इंटरफेसमधला प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) माइकला ४८ व्होल्ट, म्हणजे फँटम पॉवर, देतो ते ६.८ किलोओहमच्या दोन जुळवलेल्या रेझिस्टरांमधून, पिन २ आणि पिन ३ वर सारखेच. दोन्हींवर सारखे असल्यामुळे सिग्नलला त्यांची बाधा होत नाही. पण माइकमधून तो करंट परत येतो तो पिन १ ने, म्हणजे शिल्डमधून. ती वाट तुटली की कंडेन्सर माइक बंद.

मग बारवर असताना तो चालतो कसा? माइकची बॉडी आतून पिन १ ला जोडलेली असते. उजव्या माइकची बॉडी धातूच्या क्लिपमधून बारला टेकते, बार डाव्या माइकच्या बॉडीला, आणि तिथून डाव्या केबलच्या शिल्डमधून करंट इंटरफेसकडे परततो. हातात घेतलात की ही आडवाट बंद झाली.

हे तुम्ही टिपलंत ते फार बरं झालं, कारण हमचा उगमही यातच आहे. दोन्ही केबलींची शिल्डं माइकच्या टोकाला बारमधून एकमेकांना जोडलेली आहेत, हे यावरून सिद्ध होतं. इंटरफेसच्या टोकाला ती तशीही एकत्र येतात. म्हणजे शिल्ड जोडलेलं असताना बार, ६ मीटरची केबल, इंटरफेस, १५ मीटरची केबल आणि पुन्हा बार, असा तांब्याचा एक बंद लूप अख्ख्या खोलीत पसरलेला होता. भिंतीतल्या विजेच्या तारा आणि आसपासचे ट्रान्सफॉर्मर यांचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झने (काही देशांत ६०) बदलत असतं. बदलतं क्षेत्र लूपमधून जातं तेव्हा लूपमध्ये व्होल्टेज तयार होतो, आणि लूपने वेढलेलं क्षेत्रफळ जितकं मोठं तितका तो जास्त. हा फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला परिणाम. तुमच्या लूपचं क्षेत्रफळ काही चौरस मीटर भरेल!

उपाय साधा आहे आणि तो कात्रीचा नाही. दोन्ही केबल शेजारी-शेजारी, एकाच वाटेने न्या. लूप तसाच राहील, पण त्याने वेढलेली जागा दोन केबलींमधल्या काही मिलिमीटरांपुरती उरेल. मी स्टिरिओ जोडीच्या केबल नेहमी समान लांबीच्या करतो, दर हातभर अंतरावर पट्टीने एकत्र बांधतो आणि ती जोडी एकच केबल असल्यासारखी गुंडाळून ठेवतो. एकत्र बांधल्याने डाव्याचा आवाज उजव्यात झिरपेल ही भीती मनातून काढून टाका. बॅलन्स्ड (एकच सिग्नल दोन तारांवर सरळ आणि उलटा नेणाऱ्या), शिल्ड असलेल्या केबलींमध्ये होणारी सरमिसळ इतकी थोडी असते की १७ सेंमीवरचे दोन माइक हवेतून एकमेकांचं जेवढं ऐकतात त्यापुढे ती कुठेच लागत नाही. वाट मोकळी ठेवायची असेल तर दोन्ही केबल भिंतीकडून फिरवा. लांबी वाढली तरी चालेल, वाटा वेगळ्या नकोत. विजेची वायर आडवी येत असेल तिथे काटकोनात ओलांडा, तिला समांतर धावू नका.

दुसरा लूप तुमच्या त्या पाइपापाशी आहे. कवच पिन १ ला जोडलेलं, पाइप इमारतीच्या अर्थिंगला कुठे ना कुठे जोडलेला. म्हणजे शिल्डला मध्येच एक परका अर्थ मिळाला. इंटरफेस लॅपटॉपच्या चार्जरमार्फत अर्थ होत असेल तर त्या दोन अर्थांमध्ये थोडा तरी व्होल्टेज असणारच, आणि तो करंट तुमच्या शिल्डमधून वाहणार. उजवीकडे हम जास्त असण्याचं कारण मी इथे शोधेन. जोड पाइपापासून दूर करा, तो पुन्हा कुठे टेकण्यासारखा असेल तर वरून रबराची नळी चढवा, आणि केबलमधल्या कनेक्टरांतली पिन १ ते कवच ही तार काढून टाका. कनेक्टर यंत्रात बसतो तेव्हा त्याचं कवच यंत्राच्या धातूच्या पेटीला टेकून आपोआप ग्राउंड होतं. हवेत लटकणाऱ्या जोडाच्या कवचाला पिन १ शी बांधलं की ते जिथे टेकेल तिथला अर्थ उचलतं. रेडिओ लहरींचा त्रास असलेल्या ठिकाणी कवचाला ग्राउंड हवं असतं हे खरं आहे, पण त्यासाठी असे कनेक्टर मिळतात ज्यांत शिल्ड आणि कवच कपॅसिटरने जोडलेलं असतं: उच्च फ्रीक्वेन्सीला वाट मोकळी, ५० हर्ट्झला जवळजवळ बंद.

आता शिल्डमधल्या करंटचा हम होतो कसा, हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते कळलं नाही की माणसं शिल्ड कापत सुटतात. शिल्डमध्ये करंट वाहणं हा स्वतःहून गुन्हा नाही. आतल्या दोन तारांना पीळ आहे, त्यामुळे शिल्डच्या करंटचा परिणाम दोन्हींवर सारखा होतो आणि प्रीअँप फक्त दोन तारांमधला फरक घेतो. सारखं ते वजा होतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, केबलमध्येच: फॉइलचं शिल्ड आणि त्यालगत एक उघडी तार अशी रचना असेल तर बहुतेक करंट त्या उघड्या तारेतून जातो, ती आतल्या एका तारेला दुसरीपेक्षा जवळ असते, आणि परिणाम असमान होतो. म्हणून माइकसाठी विणलेल्या जाळीची केबल घ्यावी. ती वाकवण्या-गुंडाळण्यातही टिकते. दोन, यंत्रात: पिन १ थेट पेटीच्या धातूला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असेल तर शिल्डचा सगळा करंट सर्किटमधून फिरतो आणि ऐकू येतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये हा दोष नीट मांडला आणि त्याला ‘पिन १ प्रॉब्लेम’ हे नाव रूढ झालं. पुढे याच सोसायटीच्या (एईएस) एईएस ४८ या २००५ च्या मानकाने सांगितलं की शिल्ड कमीत कमी लांबीच्या वाटेने पेटीला जोडा. तुमच्या इंटरफेसमध्ये तो दोष असेल तर तो केबलने बरा होणार नाही, पण लूप लहान केला की करंटच इतका कमी होतो की दोष असला तरी ऐकू येत नाही.

लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. हम तेवढ्याने घटला तर चार्जरची अर्थवाट त्यात सामील आहे हे कळेल, आणि रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर राहता येईल. पण कृपा करून कुठल्याही प्लगची अर्थ पिन काढू नका, तिच्यावर टेप लावू नका. त्या पिनवर माणसाचा जीव अवलंबून असतो. हम हा ऐकण्याचा त्रास आहे, त्यासाठी अर्थिंगला हात लावायचा नाही.

मधला आवाज नाहीसा होणं ही पूर्णपणे वेगळी भानगड आहे आणि तिचा ग्राउंडशी संबंध नाही. एका चॅनलची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण, उलटी आहे. पिन २ वर धन आणि पिन ३ वर ऋण हा एईएसचा १९९२ चा नियम. एका केबलमध्ये या दोन तारा अदलाबदल झाल्या तरी ती केबल एकटी ऐकली तर काहीच कळत नाही, आवाज उत्तम येतो. जोडीत वापरली की घोटाळा. एक पडदा आत जातो तेव्हा दुसरा बाहेर गेल्यासारखं होतं. खालच्या सुरांची तरंगलांबी मोठी, त्यामुळे १७ सेंमीवरच्या दोन्ही माइकना ते जवळजवळ एकसारखे मिळतात आणि मोनोत एकमेकांना मारतात. वरचे सूर दोन्हीकडे वेगवेगळे पोहोचतात म्हणून वाचतात. तुमचं वर्णन याच्याशी अक्षरशः जुळतं.

शोधायचं असं: मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. प्रत्येक तुकडा वेगळा तपासा, जोडलेला नव्हे. एका टोकाची १ दुसऱ्या टोकाच्या १ शीच बीप द्यायला हवी, २ फक्त २ शी, ३ फक्त ३ शी, आणि कवच कोणाशीच नाही. मीटर लावलेला असताना केबल कनेक्टरपाशी हलवत राहा, अर्धवट सुटलेला सांधा तेव्हाच पकडला जातो. केबल सगळ्या बरोबर निघाल्या तर इंटरफेसवर पोलॅरिटी उलटण्याचं बटण एखाद्या चॅनलवर दाबलेलं आहे का बघा, मग माइक एकमेकांच्या जागी लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोष कशाच्या मागे जातो ते बघितलं की गुन्हेगार सापडतो.

सोल्डरिंगबद्दल थोडं, कारण निम्मे हम तिथे जन्मतात. शिल्डची जाळी उलगडून तिला घट्ट पीळ द्या, आधी तिच्यावर सोल्डर चढवून घ्या आणि त्या पूर्ण लांबीवर स्लीव्ह घाला. जाळीचा एक सुटा केस पिन २ ला टेकला तर बॅलन्स बिघडतो, आवाज पडतो आणि हम वाढतो, आणि तो केस डोळ्यांना दिसतही नाही. पिन आणि तार दोन्ही तापवा आणि सोल्डर सांध्याला लावा, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला नव्हे. आतलं प्लास्टिक वितळायच्या आत हे संपायला हवं. केबलला धरून ठेवणारा क्लँप बाहेरच्या आवरणावर बसला पाहिजे, आतल्या तारांवर ओढ येता कामा नये. आणि कनेक्टरचं मागचं बूच सोल्डर करण्याआधी केबलवर ओवा.

लांबीच्या फरकाची काळजी सोडा. केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने जातो. ९ मीटर जादा म्हणजे ५० नॅनोसेकंदांहून कमी उशीर. ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल सुमारे २१ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे चारशेपटीहून मोठा. त्या एका सॅम्पलमध्ये आवाज हवेतून ७ मिमी जातो. बारवर माइक अर्धा सेंमी सरकला तर तो तुमच्या ९ मीटर तांब्यापेक्षा कितीतरी जास्त फरक करेल. लक्ष तिथे द्या.

---

डेस्कवाला

केबलकार, सगळं पटलं, पण एका टोकाला शिल्ड सोडणं सरसकट चूक म्हणताय का? आमच्याकडे रॅकमधल्या यंत्रांच्या आपसातल्या केबलींत ते वर्षानुवर्षं करतात आणि शांत चालतं.

---

केबलकार

नाही, सरसकट नाही. तुमच्या केबलींमध्ये लाइन लेव्हल (माइकपेक्षा बराच मोठा सिग्नल) आहे, दोन्ही टोकांच्या यंत्रांना स्वतःची वीज आणि स्वतःचा अर्थ आहे, फँटमचा प्रश्न नाही. तिथे बॅलन्स्ड केबलचं शिल्ड पाठवणाऱ्या यंत्राच्या बाजूला जोडलेलं ठेवून घेणाऱ्या बाजूला सोडतात, आणि लूप तुटतो. माइकला स्वतःचा अर्थ नसतो, तो शिल्डच्या टोकाला टांगलेला असतो. तिथे शिल्ड सोडलं तर वीजही जाते आणि माइकची बॉडी अँटेना होते. म्हणून तुमच्या त्या केबलींना दोन्ही टोकांना ठळक खूण करा. त्यातली एखादी माइकच्या पेटीत गेली की कोणाची तरी संध्याकाळ वाया जाते.

---

मोनोप्रेमी

माझी अडचण याच कुळातली वाटते. छोट्या रेकॉर्डरला ३.५ मिमीचा स्टिरिओ माइक इनपुट आहे. एक्सएलआर ते ३.५ मिमी अशी तयार केबल लावून एक डायनॅमिक माइक (बाहेरून वीज न लागणारा) रेकॉर्ड केला. डावीकडे आवाज येतो, उजवीकडेही येतो, पण दोन्ही मिसळले की शांतता. माइक बिघडला का?

---

केबलकार

माइक ठणठणीत आहे. त्या केबलमध्ये पिन २ टोकाला आणि पिन ३ मधल्या कड्याला जोडलेली आहे. प्लग बॅलन्स्ड मोनो म्हणून वायर केलाय, तुमचा रेकॉर्डर मात्र टोक म्हणजे डावा आणि कडं म्हणजे उजवा असं वाचतो. म्हणजे एकाच माइकचं सरळ रूप डावीकडे आणि उलटं रूप उजवीकडे. बेरीज शून्य. आधीचं रेकॉर्डिंग टाकून देऊ नका, फक्त डावा चॅनल ठेवा, ते पूर्ण वापरण्याजोगं आहे.

एक डायनॅमिक माइक दोन्हीकडे हवा असेल तर पिन २ टोक आणि कडं दोन्हींना, पिन १ आणि ३ दोन्ही मुळाच्या भागाला. दोन डायनॅमिक माइकची स्टिरिओ जोडी हवी असेल तर डाव्याची पिन २ टोकाला, उजव्याची पिन २ कड्याला, आणि दोघांच्या १ व ३ मुळाला. ही जोडणी अनबॅलन्स्ड आहे, हम वजा करणारं कोणी नाही, म्हणून केबल एक-दोन मीटरच ठेवा. रेकॉर्डरच्या मेनूमध्ये प्लग-इन पॉवर असेल तर ती बंद करा, ती छोट्या इलेक्ट्रेट माइकसाठी असते. ४८ व्होल्टवर चालणारे कंडेन्सर माइक या वाटेने चालणार नाहीत.

पाच पिनांचा स्टिरिओ माइक कोणाकडे असेल तर त्यात १ शिल्ड, २ आणि ३ डाव्याचे धन-ऋण, ४ आणि ५ उजव्याचे. दोन केबलींत फोडताना १ दोन्हीकडे जाते, म्हणजे लूप केबलमध्येच बांधून दिलेला असतो. त्या दोन शेपट्या छोट्या ठेवा.

---

सूरशोधक

मनापासून आभार. शिल्ड जोडलं, कवचांच्या तारा काढल्या, जोड पाइपापासून हलवला आणि दोन्ही केबल एकत्र बांधून भिंतीकडून नेल्या. ५० हर्ट्झचा सुळका आता पियानोच्या शांत जागांमध्येही शोधावा लागतो. मल्टिमीटरवर ५ मीटरच्या जुन्या तुकड्यात २ आणि ३ अदलाबदल निघाले. तो बाजूला ठेवताच पियानो मध्ये उभा राहिला.

एक बारीक, करकरीत बझ मात्र उरलाय. खोलीतले दिवे डिमरवर आहेत, ते अर्धे मंद केले की येतो, पूर्ण लावले की जातो. शिल्ड एवढं नीट असताना हा आत येतो कुठून?

---

केबलकार

त्या जुन्या तुकड्याला ‘उलट’ अशी चिठ्ठी लावून ठेवा, तोडू नका. एकेकाळी काही यंत्रांत पिन ३ धन असायची, तिथे असे तुकडे मुद्दाम बनवत. तसं यंत्र हाती आलं तर तो लागेल.

डिमरचं असं की तो प्रत्येक अर्धलहरीचा एक भाग कापतो, आणि कापलेल्या धारेतून अनेक वरच्या फ्रीक्वेन्सी निघतात. म्हणून तो हमसारखा घुमत नाही, करकरतो. अर्ध्यावर असताना काप सर्वात मोठा, पूर्ण उजेडात जवळजवळ नाही. तांब्याची जाळी विद्युत क्षेत्र अडवते, कमी फ्रीक्वेन्सीच्या चुंबकीय क्षेत्राला ती जवळपास पारदर्शक आहे. त्याच्याविरुद्ध काम करतो तो आतल्या तारांचा पीळ, आणि पीळ जितका घट्ट तितका चांगला. पहिला उपाय फुकट आहे: रेकॉर्डिंगच्या वेळी डिमर पूर्ण वर किंवा बंद, आणि केबल दिव्यांच्या वायरिंगपासून लांब.

ते शक्य नसेल तर ती जोडी स्टार क्वाड केबलने बनवा. तिच्यात चार तारा एकत्र पिळलेल्या असतात आणि समोरासमोरच्या दोन-दोन तारा जोडून धन आणि ऋण करतात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राला दोन्ही बाजू जवळजवळ एकाच जागी असल्यासारख्या दिसतात. बहुतेक केबलींत एकाच रंगाच्या दोन तारा समोरासमोर असतात: एक रंग दोन्ही पिन २ ला, दुसरा दोन्ही पिन ३ ला. चारही रंग वेगळे असतील तर केबल आडवी कापून छेदाकडे बघा आणि समोरासमोरच्या निवडा. शेजारच्या दोन एकत्र केल्या तर मीटर सगळं बरोबर सांगेल आणि बझ मात्र साध्या केबलइतकाच येईल. या केबलची कपॅसिटन्स साध्या केबलहून जास्त असते, पण १५ मीटरला आणि तुमच्या कमी इंपीडन्सच्या माइकना त्याचा परिणाम कानांच्या मर्यादेच्या खूप वर राहतो. दोन्ही माइकना तीच केबल वापरा, एकाला साधी आणि एकाला क्वाड असं नको. शिल्ड पुन्हा दोन्ही टोकांना, पिन १ वर.